शाळा आणि घर यांच्यामधील दुवा : शालेय समाजकार्यकर्त्याची भूमिका आणि व्यावसायिक अर्हता

नववीच्या हजेरीपटावर एका विद्यार्थिनीच्या नावापुढे सलग पंधरा दिवस गैरहजेरीची नोंद होते. वर्गशिक्षिका विचारपूस करतात तेव्हा मैत्रिणी "ती गावाला गेली" एवढेच सांगतात. घरी दूरध्वनी केला तर तो कोणी उचलत नाही. पुढील तासाची घंटा होते, पाठ्यक्रम पूर्ण करायचा असतो, आणि ती विद्यार्थिनी हळूहळू हजेरीपटापुरती उरते. तिच्या घरापर्यंत जाऊन खरे कारण शोधण्याची आणि तिला परत आणण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न देशातील हजारो शाळांसमोर दरवर्षी उभा राहतो.

या प्रश्नाला जगातील अनेक देशांनी एक निश्चित उत्तर दिले आहे. ते म्हणजे शालेय समाजकार्यकर्ता. भारतातही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळांशी जोडलेल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही समाजकार्यकर्त्याचा समावेश केला. मात्र ही व्यक्ती कोण, तिचे शिक्षण कोणते आणि तिच्याकडून कोणते काम अपेक्षित आहे, याबाबत पालकांमध्ये आणि अनेकदा शाळा-व्यवस्थापनांमध्येही संभ्रम आढळतो.

कोण असतो शालेय समाजकार्यकर्ता?

मराठीत 'सामाजिक कार्यकर्ता' हा शब्द स्वेच्छेने लोकसेवा किंवा चळवळ करणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ आहे. 'व्यावसायिक समाजकार्यकर्ता' ही संज्ञा त्याहून वेगळी आहे. विद्यापीठातून समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा अनुभव घेतलेली व्यक्ती, असा तिचा अर्थ होतो. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांमध्ये रुग्णांना व नातेवाइकांना मदत करणारे समाजसेवा अधीक्षक अनेकांच्या परिचयाचे आहेत. रुग्णालयात त्यांचे जे काम असते, त्याच्याशी मिळतेजुळते काम शाळेत शालेय समाजकार्यकर्त्याचे असते.

विद्यार्थ्याच्या शिक्षणात येणारा अडथळा नेहमी वर्गातच निर्माण होतो असे नाही. घरातील आजारपण, पालकांचे स्थलांतर, कर्ज, व्यसन, हिंसाचार, मुलीच्या लग्नाची घाई, धाकट्या भावंडांचा सांभाळ, जातीवरून होणारी हेटाळणी, कागदपत्रांचा अभाव अशा कितीतरी कारणांनी मूल शाळेपासून दुरावते. ही कारणे शोधणे आणि घर, शाळा व शासकीय यंत्रणा यांना एकत्र आणून त्यांवर उपाय करणे, हा या व्यवसायाचा गाभा आहे.

संकल्पनेचा उगम

या कामाची सुरुवात विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत झाली. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे तेथे लागू झाले होते आणि युरोपातून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने शाळेत दाखल होत होती. कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत आले, तरी ते तेथे टिकेल याची हमी नव्हती. १९०६-०७ या काळात न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांमध्ये विद्यार्थ्यांच्या घरी जाणारे 'भेट देणारे शिक्षक' नेमण्यात आले. प्रारंभी हा खर्च खासगी संस्था करीत असत. १९१३ मध्ये रॉचेस्टर शहराच्या शिक्षण मंडळाने तो स्वतःच्या अंदाजपत्रकातून उचलला आणि हे काम शिक्षणव्यवस्थेचा भाग बनले.

भारतात शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मान्य झाला आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजेच अमेरिकेत ज्या टप्प्यावर या व्यवसायाची गरज निर्माण झाली, तो टप्पा भारतात सुमारे शंभर वर्षांनी आला. येथेही पटनोंदणीत लक्षणीय यश मिळाले. त्यानंतरचा प्रश्न मुलांना शाळेत टिकवण्याचा आहे.

भारतातील समाजकार्य शिक्षण

समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाची भारतातील सुरुवात मुंबईत झाली. १९३६ मध्ये स्थापन झालेली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. स्थापनेनंतर वर्षभरातच, १९३७ मध्ये, या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतीय समाजकार्याचा मुलांच्या प्रश्नांशी असलेला संबंध इतका जुना आहे.

त्यानंतर दिल्ली, बडोदे, इंदूर, चेन्नई आदी शहरांमध्ये समाजकार्याच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, तर पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. आज महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांच्या कक्षेत समाजकार्य महाविद्यालये आहेत. प्रशिक्षित मनुष्यबळाची परंपरा देशात नऊ दशकांची आहे. तथापि, शाळा हे या मनुष्यबळाचे नियमित कार्यक्षेत्र कधीही बनले नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी मराठवाड्यातील परिस्थितीचे उदाहरण घेता येईल. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर काम करून फेडायची असते. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असल्याने हंगामापूर्वी अल्पवयीन मुलीचे लग्न लावून देण्याकडे काही कुटुंबांचा कल असतो. लग्न झाले नाही, तरी भावंडांना सांभाळण्यासाठी मुलीला सोबत नेले जाते. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेली विद्यार्थिनी अशा कुटुंबातील आहे, असे मानले तर समाजकार्यकर्त्याचे काम पुढीलप्रमाणे चालते.

पहिली पायरी गृहभेटीची. कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच ही भेट झाली तर तिचा उपयोग अधिक होतो. म्हणून ज्या घरांतून दरवर्षी स्थलांतर होते, अशा मुलांची यादी शाळा सुरू होतानाच तयार केली जाते. गृहभेटीत उपदेश करायचा नसतो. कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज, घरात मागे राहणारे वृद्ध, मुलीची स्वतःची इच्छा आणि पालकांना वाटणारी भीती यांची माहिती घेऊन व्यक्ती अभ्यासाची नोंद केली जाते. "मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे?" हा पालकांचा प्रश्न रास्त असतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी पायरी उपलब्ध आधार शोधण्याची. मूल आजीकडे राहू शकत असेल तर त्याची सोय हंगामी वसतिगृह योजनेतून होऊ शकते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली आहे. पालकांपैकी एकाचे निधन झाले असेल तर बालसंगोपन योजनेचे साहाय्य मिळू शकते. योजना कागदावर असतात. मात्र अर्ज, दाखले आणि कार्यालयातील फेऱ्या यांमुळे गरजू कुटुंब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते अंतर कमी करणे हे समाजकार्यकर्त्याचे काम आहे. कुटुंब गेलेच, तर मुलीला स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत बसता यावे यासाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांचा शाळाप्रवेश सुनिश्चित करणे हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यही आहे.

तिसरी पायरी संरक्षणाची. लग्न ठरल्याची माहिती मिळाली तर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला कळवावे लागते. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे. चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावरही माहिती देता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीनुसार देशातील २० ते २४ वयोगटातील २३.३ टक्के महिलांचा विवाह वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के होते. या आकडेवारीवरून हा प्रश्न अपवादात्मक नाही, हे स्पष्ट होते.

चौथी पायरी पाठपुराव्याची. मुलगी परत आली म्हणजे काम संपले असे होत नाही. बुडालेला अभ्यास, वर्गातील टोमणे, घरातून पुन्हा येणारा दबाव यांमुळे ती दुसऱ्यांदा गळण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे वर्गशिक्षिका, पालक आणि विद्यार्थिनी यांच्याशी पुढील काही महिने नियमित संपर्क ठेवला जातो.

शहरातील शाळांमध्ये प्रश्नांचे स्वरूप बदलते. तेथे परीक्षेचा ताण, पालकांचा विभक्तपणा, अमली पदार्थ, समाजमाध्यमांवरील छळ, परप्रांतातून आलेल्या मुलांना जाणवणारी भाषेची अडचण असे विषय पुढे येतात. कामाची पद्धत मात्र तीच राहते. एका विद्यार्थ्यासाठी केलेल्या कामाला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात, समान प्रश्न असलेल्या मुलांसोबत केलेल्या कामाला गटकार्य आणि वस्तीसोबत केलेल्या कामाला समुदाय संघटन. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात या तीन पद्धतींना मूलभूत स्थान आहे.

समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता : फरक कोणता?

शाळेशी संबंधित चार व्यावसायिकांच्या भूमिका अनेकदा एकमेकींत मिसळल्या जातात. समुपदेशक प्रामुख्याने विद्यार्थ्याशी एकांतात संवाद साधून त्याला भावनिक आधार देतात आणि अभ्यास वा व्यवसाय-निवडीबाबत मार्गदर्शन करतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्यांच्या आधारे बुद्धिमत्ता, अध्ययन-अक्षमता किंवा वर्तनविषयक अडचणींचे मूल्यमापन करतात. विशेष शिक्षक दिव्यांग विद्यार्थ्यांच्या अध्यापनाची जबाबदारी घेतात. समाजकार्यकर्ता विद्यार्थ्याला त्याच्या कुटुंबासह आणि परिसरासह पाहतो.

एखादा मुलगा वर्गात सतत झोपत असेल तर त्याच्या निद्रेचा, चिंतेचा विचार मानसशास्त्रज्ञ करतील. तो पहाटे चार वाजता वडिलांसोबत भाजी मंडईत जातो, ही बाब गृहभेटीतून उघड होईल. दोन्ही माहिती एकत्र आल्याशिवाय योग्य उपाय सापडत नाही. म्हणूनच या भूमिका परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत.

आवश्यक अर्हता

शालेय समाजकार्यासाठी भारतात सर्वसाधारणपणे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजेच एम.एस.डब्ल्यू., ही पायाभूत अर्हता मानली जाते. हा अभ्यासक्रम परंपरेने दोन वर्षांचा व चार सत्रांचा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना त्यास प्रवेश घेता येतो. समाजकार्यातील पदवी, म्हणजेच बी.एस.डब्ल्यू., अनेक विद्यापीठांत उपलब्ध आहे. तथापि स्वतंत्रपणे प्रकरणे हाताळण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित असते.

या अभ्यासक्रमाचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस रुग्णालय, शाळा, वस्ती, न्यायालय किंवा स्वयंसेवी संस्थेत पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करतात, प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल सादर करतात आणि त्यावर चर्चा होते. केवळ पुस्तकी ज्ञानावर ही पदवी मिळत नाही, असे म्हणता येईल. वैयक्तिक, गट आणि समुदाय या पद्धतींखेरीज समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन, मानवी वाढ व विकास, बालकांविषयीचे कायदे हे विषयही अभ्यासले जातात. बालक व कुटुंबकल्याण किंवा वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्य ही विशेषीकरणे शालेय कामासाठी अधिक उपयुक्त ठरतात.

मनोविकृती समाजकार्यकर्ता ही संज्ञा मात्र कायद्याने निश्चित केलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार त्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर पर्यवेक्षित चिकित्सा-प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांद्वारे एम.फिल. पदवी बंद केली. तथापि मनोविकृती समाजकार्य आणि चिकित्सा मानसशास्त्र या विषयांसाठी ती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत सुरू ठेवण्याची मुभा देण्यात आली. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येक समाजकार्यकर्त्याला ही उच्च अर्हता लागत नाही. गंभीर मानसिक आजाराची लक्षणे ओळखून योग्य तज्ज्ञाकडे पाठविणे एवढे कौशल्य मात्र त्याच्याकडे असलेच पाहिजे.

गोपनीयता आणि तिची मर्यादा

विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली बाब इतरांना न सांगणे, हे या व्यवसायाचे मूलभूत नीतितत्त्व आहे. घरातील अडचण शिक्षक-कक्षात चर्चेचा विषय झाली तर विद्यार्थी पुन्हा कधीही बोलत नाही. परंतु या तत्त्वाला कायद्याने मर्यादाही घातलेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. माहिती दडविल्यास कलम २१ नुसार शिक्षा होऊ शकते. संस्थाप्रमुखाने ती दडविल्यास शिक्षेची मर्यादा एक वर्षापर्यंत आहे.

शाळेची प्रतिष्ठा जपण्याच्या हेतूने तक्रार दाबली जाण्याचा धोका अशा वेळी सर्वाधिक असतो. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा भाषेत, कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती सांगावीच लागेल याची कल्पना देतो. हे कौशल्य प्रशिक्षणानेच येते.

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दोन ठिकाणी ही भूमिका विशेषत्वाने मांडलेली आहे. मुलांचे पोषण व मानसिक आरोग्य यांकडे लक्ष देण्यासाठी शाळाव्यवस्थेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक आणण्याचा विचार त्यात आहे. शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठी शाळा किंवा शाळा-संकुलांशी जोडलेल्या समुपदेशकांनी व समाजकार्यकर्त्यांनी पालक आणि समाजासोबत सातत्याने काम करावे, असेही त्यात नमूद आहे. लहान शाळेला स्वतंत्र नेमणूक परवडत नसेल तर शाळा-संकुलातील अनेक शाळांनी मिळून ही सेवा घ्यावी, असा मार्ग त्यातून सूचित होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी निकाल देताना, देशभरातील शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे त्यात म्हटले आहे. ही तत्त्वे शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे या सर्वांना लागू आहेत. न्यायालयाने उद्धृत केलेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या होत्या.

उणीव कोठे आहे?

इतके असूनही शालेय समाजकार्यकर्ता हे पद देशातील बहुसंख्य शाळांच्या संच-मान्यतेत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षक, मुख्याध्यापक, तसेच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक यांचे निकष आहेत. समाजकार्यकर्त्याचा निकष नाही.

याची तुलना अन्य कायद्यांशी केल्यास विसंगती ठळकपणे लक्षात येते. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा २५० कामगारांवर आणली. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक बालन्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. म्हणजे कारखान्यात कामगार म्हणून गेलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या व्यक्तीसाठी कायद्याने जी तरतूद केली आहे, ती शाळेत असताना त्याच व्यक्तीला उपलब्ध नसते.

दुसरी उणीव व्यवसायाच्या नियमनाची आहे. वकिलांसाठी विधिज्ञ परिषद, डॉक्टरांसाठी वैद्यक आयोग आहे, तशी सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक राष्ट्रीय परिषद भारतात नाही. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मध्ये चिकित्सा, मनोविकृती आणि वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे. शालेय समाजकार्यकर्ता हा वर्ग त्यात स्वतंत्रपणे नमूद नाही. परिणामी अर्हता ठरविण्याचे काम प्रत्येक राज्य, मंडळ वा संस्था आपापल्या परीने करते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता उपविधींमध्ये समुपदेशन व कल्याण शिक्षकाची तरतूद करण्यात आली, तेव्हा अर्हतेत मुख्य भर मानसशास्त्र, बालविकास आणि समुपदेशन पदविका यांवर होता. केरळमध्ये महिला व बालविकास विभागाच्या योजनेतून शाळांत नेमलेल्या समुपदेशकांसाठी समाजकार्य किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली जाते. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक पुरविण्याची व्यवस्था उभी राहिली आहे.

समाजकार्यकर्त्यांच्या अनुपस्थितीत हे काम शिक्षकांवर येते. महाराष्ट्रात बालरक्षक या नात्याने अनेक शिक्षकांनी शाळाबाह्य मुलांना परत आणण्याचे उल्लेखनीय काम केले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमातही प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्य व निरामयता दूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे. शिक्षकांचा सहभाग अनिवार्यच आहे. परंतु अध्यापन, परीक्षा, जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन नोंदी सांभाळून प्रत्येक गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी जाणे, हे एका शिक्षकाला नियमितपणे शक्य होत नाही.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रत्येक २५० विद्यार्थ्यांमागे एक शालेय समाजकार्यकर्ता असे प्रमाण सुचविले आहे. तेथे या पदासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी ही शिफारस केलेली अर्हता असून, परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. फिनलंडमध्ये २०२२ पासून एका शालेय समाजकार्यकर्त्यामागे कमाल ६७० विद्यार्थी अशी कायदेशीर मर्यादा आहे. हाँगकाँगमध्ये २००० साली प्रत्येक माध्यमिक शाळेस एक समाजकार्यकर्ता देण्यात आला आणि २०१९-२० पासून ही संख्या दोन करण्यात आली. जपानने २००८ मध्ये देशव्यापी योजना सुरू केली. या देशांचे आकारमान व उत्पन्न वेगळे आहे. मात्र प्रमाण, अर्हता आणि निधी या तीन बाबी लेखी स्वरूपात निश्चित केल्यानंतरच ही सेवा स्थिरावली, हे सर्वत्र दिसून येते.

भारतात २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालानुसार सुमारे १४ लाख ७१ हजार शाळा आणि २४ कोटी ६९ लाख विद्यार्थी आहेत. प्रत्येक शाळेत तातडीने नेमणूक होणे कठीण असले, तरी शाळा-संकुल, केंद्र किंवा तालुका पातळीवर निश्चित पदांची निर्मिती करून सुरुवात करता येण्यासारखी आहे. जिल्हा बालसंरक्षण कक्षांमध्ये समाजकार्यकर्त्यांची व समुपदेशकांची पदे यापूर्वीच आहेत. शाळांशी त्यांची नियमित जोडणी करणे हा आणखी एक मार्ग ठरू शकतो.

पालकांनी आणि शाळांनी काय पाहावे?

शाळेने समाजकार्यकर्ता किंवा समुपदेशक नेमला असल्यास पालकांना त्याची अर्हता विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का, बालकांसोबत पर्यवेक्षित कामाचा अनुभव आहे का, पोक्सो व बालन्याय कायद्यांचे प्रशिक्षण झाले आहे का, पूर्वेतिहासाची पडताळणी झाली आहे का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी स्वतंत्र व सुरक्षित जागा आणि नोंदी कुलूपबंद ठेवण्याची सोय शाळेने करणे आवश्यक आहे. समाजकार्यकर्त्याला बदली तासांना पाठविणे किंवा कार्यालयीन कामात गुंतविणे म्हणजे त्याची नेमणूक निष्फळ करणे होय.

जेथे असे पद नाही, तेथे शाळा व्यवस्थापन समिती हा विषय आपल्या बैठकीत मांडू शकते. पालकांचा त्या समितीत कायद्यानेच बहुमताचा वाटा आहे. सलग किती दिवसांच्या गैरहजेरीनंतर गृहभेट व्हावी आणि ती कोणी करावी, एवढा एक नियम ठरला तरी अनेक मुलांचे शिक्षण वाचू शकते.

संकटातील बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी, तर मानसिक आरोग्यविषयक मदतीसाठी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे. मदतवाहिनीपर्यंत मात्र मुलाला किंवा पालकाला स्वतः पोहोचावे लागते. हजेरीपटावरील पंधरा गैरहजेऱ्यांनंतर घराचे दार ठोठावणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेकडून यावी लागते, आणि ती व्यवस्था उभी करण्याचे काम अद्याप बाकी आहे.